बापाचें नांव, आईचें नांव आणि आपलें नांव

(पेडगांव, जि. परभणी येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढें देवाची कथा सांगावयास उभे नाहीं, आणि कोणाचें मत मागावयासही आलों नाहीं. जिला पैसा पडत नाहीं, जी चोर नेत नाहीं, आणि जी पाळण्यापासून सरणापर्यंत माणसाबरोबर चालते, अशा एका वस्तूविषयीं बोलावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे आपलें नांव.

कोणी म्हणेल, कापसाचा भाव आणि तुरीची पेरणी सोडून हें काय काढलें? त्याला आम्ही एका म्हातारीची गोष्ट सांगतों. गांव सांगत नाहीं, कारण असें गांवोगांव घडतें. एका कचेरीच्या खिडकीपुढें एक म्हातारी नातवाचा हात धरून उभी होती. खिडकीआंतल्या गृहस्थानें विचारलें, ‘नांव काय?’ म्हातारी म्हणाली, ‘भागीरथी.’ ‘पूर्ण नांव सांगा.’ म्हातारी गप्प. पूर्ण नांवांत नवऱ्याचें नांव येतें. साठ वर्षें संसार करून जें नांव तिनें उखाण्यावांचून कधीं तोंडीं घेतलें नाहीं, तें परक्या माणसापुढें कसें घ्यावें? तिनें नातवाला कोपरानें ढोसलें. ‘सांग रे, तुझ्या आज्याचें नांव.’ पोरानें सांगितलें. मग पिशवींतून कागद निघाले. शिधापत्रिकेवर ती भागाबाई, आधार कार्डावर भागीरथीबाई, आणि बँकेच्या पुस्तकांत लक्ष्मीबाई. कारण लक्ष्मी हें तिचें सासरचें नांव. आडनांव एका कागदावर कुळीचें, दुसऱ्यावर नुसतें ‘पाटील’. गृहस्थ म्हणाला, ‘आजीबाई, ह्या तीन बाया झाल्या. ह्यांतली तुम्ही कोणती?’ लोक हंसले. म्हातारीही हंसली. पण तिचे पैसे कांहीं त्या दिवशीं मिळाले नाहींत.

आतां सांगा, त्या माउलीचा अपराध काय? बापानें एक नांव ठेवलें, सासऱ्यानें दुसरें ठेवलें, लिहिणारानें तिसरें लिहिलें. तिला कोणींच विचारलें नाहीं. आणि शेवटीं जाब मात्र तिलाच विचारला. म्हणून आम्ही म्हणतों कीं, नांवाचा प्रश्न हा पंडितांचा नाहीं, तो तुमच्याआमच्या चुलीचा आणि बांधाचा आहे.

आपल्या महाराष्ट्रांत माणसाचें नांव तीन पायांवर उभें असतें. पहिलें स्वतःचें, दुसरें बापाचें किंवा नवऱ्याचें, तिसरें आडनांव. हें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, जगांत सगळीकडे असेंच असेल असें आपणांस वाटतें. तसें मुळींच नाहीं. आणि आपल्याकडेही तें पूर्वीपासून असेंच होतें असें नाहीं.

घरांत पेटी असेल तर तींतले पणजोबाच्या वेळचे कागद काढून पाहा. मोडी असेल, नाहीं तर उर्दू असेल. कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्या कागदांत नांव कसें सांपडतें? ‘रामा वल्द गणू’. किंवा ‘संतू बिन खंडू’. वल्द म्हणजे मुलगा आणि बिन म्हणजेही मुलगा. हे दोन्ही शब्द अरबांचे. मुसलमानी अमलांत दप्तरांत आले आणि पुढें मराठ्यांच्या अन् पेशव्यांच्या दप्तरांतही राहिले. बाई असेल तर ‘गंगाई जौजे विठू’, म्हणजे विठूची बायको; कोठें कोठें जौजेच्या ठिकाणीं ‘भ्रतार’. आडनांव पुष्कळ वेळां नाहींच. आडनांवाच्या जागीं जात लिहिलेली, नाहीं तर धंदा लिहिलेला. २०२३ सालीं मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांपुढें हीच अडचण उभी राहिली. आज घरावर आडनांवाची पाटी आहे, आणि पणज्याच्या कागदावर तें आडनांवच नाहीं! मग हा पणजा आपला, हें बापामागून बापाचें नांव जोडीत जाऊन सिद्ध करावें लागतें. ह्यावरून दिसेल कीं, बापाचें नांव हें शोभेचें नाहीं. तें शेताच्या धुऱ्यासारखें आहे. आपण कोठून आलों हें तें दाखवितें.

ही बापाचें नांव लावण्याची रीत पुष्कळ देशांत आहे. इंग्रजांत ‘सन’ म्हणजे मुलगा. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, विल्सन म्हणजे विलचा मुलगा. स्कॉटलंडांत मुलाला ‘मॅक’ म्हणतात, आयर्लंडांत नातवाला ‘ओ’. रशियांत प्रत्येकाच्या नांवांत आपल्यासारखेंच मधलें नांव बापाचें असतें. टॉल्स्टॉय ह्या थोर लेखकाचें नांव लेव निकोलायेविच, म्हणजे निकोलायचा मुलगा लेव. मुलगी असती तर निकोलायेव्हना झाली असती. आणि आइसलंड नांवाच्या बर्फाळ बेटावर तर बहुतेकांना आडनांवच नाहीं. बापाच्या नांवापुढें मुलगा असेल तर ‘सन’ आणि मुलगी असेल तर ‘दोत्तिर’ लावतात, म्हणजे लेक. तेथें १९८० पासून १९९६ पर्यंत व्हिगडिस फिनबोगादोत्तिर ह्या बाई राष्ट्राध्यक्ष होत्या. नांवाचा अर्थ इतकाच कीं, फिनबोगीची लेक व्हिगडिस. बाई लग्न करून गेली तरी तिचें नांव बदलत नाहीं. कारण ती ज्याची लेक होती त्याचीच लेक राहते. नवीन आडनांवें घेण्याची हौस वाढूं लागली तेव्हां १९२५ सालीं त्यांनीं कायदा करून ती बंद केली. आडनांवावांचून त्या देशाचें कांहीं अडलें काय? मुळींच नाहीं.

आतां आडनांवाकडे वळूं. आडनांव आभाळांतून पडत नाहीं. तें चार वाटांनीं येतें. एक वाट गांवाची. माणूस गांव सोडून दुसरीकडे गेला म्हणजे नवे लोक त्याला जुन्या गांवावरून ओळखतात. पेडगांवांत राहणाऱ्याला पेडगांवांत कोणी पेडगांवकर म्हणत नाहीं. तो नांदेडला किंवा पुण्याला गेला म्हणजे पेडगांवकर होतो. त्यांतही गंमत अशी कीं, पेडगांव एक नाहीं. एक आपलें, आणि दुसरें भीमेच्या कांठीं श्रीगोंदें तालुक्यांत, जेथें बहादूरगडाचा किल्ला आहे. तेव्हां दोन पेडगांवकर भेटले म्हणून ते भाऊबंद झाले असें समजूं नये. दुसरी वाट धंद्याची: सुतार, लोहार, कुंभार, तेली, माळी, सोनार, परीट. तिसरी वाट अधिकाराची: पाटील, देशमुख, कुळकर्णी, चौगुले. चौथी वाट गांवानें ठेवलेल्या टोपणनांवाची. कोणाचा पणजा काळा होता, कोणाचा उंच होता, कोणी ढोल वाजवी. गांवानें एकदां नांव ठेवलें कीं, नातवांनीं तें पुसूं म्हटलें तरी पुसत नाहीं.

आडनांव बदलतें ह्याचा पुरावा आपल्याच थोर पुरुषांच्या घरीं आहे. जोतीराव फुल्यांचें मूळ आडनांव फुले नव्हे. त्यांचें घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, आणि आडनांव गोऱ्हे. घराणें पुण्याला आलें, पेशव्यांकडे फुलें पुरविण्याचा धंदा लागला, आणि लोक त्यांना फुले म्हणूं लागले. फुलें विकणें हा कमीपणा असता तर जोतीरावांनीं तें नांव टाकलें असतें. त्यांनीं तेंच नांव असें वाढविलें कीं, आज तें उच्चारतांना लोक आधीं महात्मा म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेंही तसेंच. घराण्याचें आडनांव सकपाळ, गांव कोंकणांतील आंबडवें. गांवावरून आंबडवेकर, आणि पुढें शाळेच्या दप्तरांत आंबेडकर झालें. पण मधलें नांव मात्र जन्मभर तेंच राहिलें. भीमराव रामजी. फौजेंत सुभेदारी केलेल्या बापाचें नांव लेकानें घटनेवरील सहीपर्यंत नेलें.

आतां एक गोष्ट विचारतों. ‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ असें आपण मोठ्या तोऱ्यानें म्हणतों ना? मग त्या जर्मनींत लोकांचीं आडनांवें काय आहेत तें ऐका. श्मिट म्हणजे लोहार. श्नायडर म्हणजे शिंपी. म्युलर म्हणजे दळणवाला. बावर म्हणजे कुणबी, शेतकरी. हीं तेथलीं अगदीं सर्रास आडनांवें. हेल्मुट श्मिट नांवाचा गृहस्थ १९७४ पासून १९८२ पर्यंत पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर होता, म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर हेल्मुटराव लोहार! इंग्लंडांत १९७९ पासून १९९० पर्यंत मार्गारेट थॅचर बाई पंतप्रधान होत्या. थॅचर म्हणजे घराचें छप्पर शाकारणारा. तेथें लोहार आडनांव ऐकून कोणी नाक मुरडीत नाहीं. कारण लोहाराच्या पोरानें भाता सोडून पुस्तक धरलें तर त्याला अडविणारें शास्त्र तेथें नव्हतें. गरिबी होती, जमीनदारांचा जुलूम होता, सारें होतें. पण धंदा जन्मानें चिकटत नव्हता. आपल्याकडे आडनांव सुतार असणें ही लाज नव्हे. आडनांव ऐकून पाट मांडावा कीं पायरीवर बसवावें हें ठरतें, ही लाज आहे.

आणि आडनांवावरून जात ठरवूं पाहणारे फसतातही. बडोद्याच्या गादीवर गायकवाड होते. कवळाणें गांवच्या शेतकऱ्याच्या घरचा गोपाळ नांवाचा मुलगा १८७५ सालीं दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्याच सयाजीरावांनीं तरुण भीमरावाला परदेशीं शिकावयास मदत केली. आणि १९३० सालीं नाशिकच्या काळाराम मंदिराचें दार अस्पृश्यांना उघडावें म्हणून जो सत्याग्रह झाला, त्यांत पुढें उभे राहणारे दादासाहेबही गायकवाडच! एक गायकवाड सिंहासनावर, दुसरे गायकवाड देवळाच्या बंद दारापुढें. जाधव, पवार, मोरे, शिंदे हीं आडनांवें तुम्हांला मराठ्यांत सांपडतील, बौद्धांत सांपडतील, मातंगांत सांपडतील. पवार आणि जाधव तर बंजाऱ्यांच्या तांड्यावरही सांपडतील. आडनांवाला शिवाशीव कळत नाहीं. ती माणसानें केली.

मग ही उंचनीच नांवांत शिरली कोठून? मनुस्मृति नांवाचा जो ग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायांत बारशाचा नियम सांगितला आहे. ब्राह्मणाचें नांव मंगल असावें, क्षत्रियाचें बळ दाखविणारें असावें, वैश्याचें धन दाखविणारें असावें, आणि शूद्राचें नांव? तें किळस यावी असें, तुच्छतेचें असावें! पाळण्यांतल्या लेंकराचा अजून दोष काय, गुण काय, कोणाला ठाऊक नाहीं. त्यानें दूध प्यावें आणि झोपावें. तरी त्याचा अपमान करण्याची तजवीज ग्रंथांत आधींच करून ठेवलेली! २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास ह्या ग्रंथाची होळी झाली, ती उगीच नाहीं.

पण खरें बोलावयाचें तर सर्व दोष ग्रंथावर टाकून आपली सुटका होत नाहीं. दगडू, धोंडू, भिकू, केरू हीं नांवें आपल्या आयांनीं लेंकरांना तुच्छतेनें ठेवलीं नाहींत. मुलें वांचत नसत. एकामागून एक मातींत जात. मग वांकडें नांव ठेवलें तर दृष्ट लागणार नाहीं, यम ह्या दगडाकडे पाहणार नाहीं, अशा वेड्या आशेनें ठेवलीं. त्या नांवांत माया होती. आम्हांला त्यांचा राग नाहीं. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्याच्या घरीं वीस एकर जमीन, त्याचा राम तो ‘रामराव’. ज्याच्या घरीं जमीन नाहीं, त्याचा राम तो ‘राम्या’. सत्तर वर्षांचा म्हातारा असला, हातांत आयुष्याची कारागिरी असली, तरी पाटलाचा पोर त्याला ‘ए राम्या’ म्हणून हांक मारतो. हें कोणत्या भटानें शिकविलें? हें आपण, बहुजन म्हणविणारांनीं, आपल्याहून खालच्यावर चालविलें आहे. वरच्यानें मारलेली चापट खालच्याच्या गालावर उतरवावयाची, हा कोठला न्याय? गांवांतील वस्त्यांनाही आपण जातीचीं नांवें देऊन बसलों होतों. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें तीं नांवें बदलून समतानगर, भीमनगर अशीं नांवें देण्याचें ठरविलें. पाटी बदलली. जीभ बदलली काय, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.

ज्यांना नांवानें खालीं दाबलें, त्यांनीं नांवानेंच डोकें वर काढल्याचे दाखले जगांत आहेत. जपानांत शेतकरी आणि कारागीर ह्यांना राजरोस आडनांव लावण्याची बहुधा मोकळीक नव्हती. तें सामुराई सरदारांचें भूषण समजत. १८७० सालीं तेथील सरकारनें सामान्य रयतेला आडनांव घेण्याची परवानगी दिली, आणि १८७५ सालीं तें सर्वांना सक्तीचें केलें. १६९९ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं खालसा पंथ उभा केला. पंथांतला प्रत्येक पुरुष ‘सिंग’ झाला आणि बायका ‘कौर’ म्हणवूं लागल्या. जातीच्या नांवावर एकच नांव पांघरून घेतलें. मद्रासकडे पेरियार रामसामी ह्यांनीं आपल्या नांवापुढचें ‘नायकर’ हें जातीचें शेपूट गाळलें, आणि १९२९ सालीं चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेनें सर्वांनीं तसेंच करावें असा ठराव केला. म्हणून आजही तिकडे पुष्कळ लोक आडनांव लावीत नाहींत. आपल्या नांवाआधीं बापाच्या नांवाचें अक्षर लावतात, कोणी त्याआधीं गांवाचें. ई. व्ही. रामसामी ह्यांतला ‘ई’ म्हणजे इरोड गांव आणि ‘व्ही’ म्हणजे बाप वेंकटप्पा. गांव आहे, बाप आहे, आपण आहों, जात गेली.

जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहिलें आणि अमेरिकेंत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना तें अर्पण केलें, हें तुम्हांला ठाऊक आहे. त्या अमेरिकेंत पुष्कळ गुलामांना मालकाचें आडनांव चिकटे, जसा बैलावर डाग. फ्रेडरिक बेली नांवाचा एक तरुण १८३८ सालीं गुलामींतून पळाला. धरणाऱ्यांनीं ओळखूं नये म्हणून त्याला आडनांव बदलावें लागलें, आणि तो डग्लस झाला. पण फ्रेडरिक हें नांव त्यानें सोडलें नाहीं. आपण कोण हें विसरूं नये एवढें तरी जवळ राहूं द्या, असा त्याचा आग्रह होता. पुढें तोच गुलाम गुलामांच्या मुक्ततेचा मोठा वक्ता झाला. बंधूंनो, मालकाला हात, पाय, पाठ विकत घेतां आली. नांव मात्र त्यानें आपल्या हातांत ठेवलें.

येथपर्यंत आम्ही बापाचें नांव, गांवाचें नांव, मालकाचें नांव असें बोललों. आईचें नांव कोठें गेलें? मायबहिणींनो, आतां तुमची गोष्ट.

येथून गोदावरीच्या कांठानें वर गेलें म्हणजे पैठण लागतें. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं तेथें सातवाहन राजांची राजधानी होती. त्यांच्यांतल्या सर्वांत पराक्रमी राजाचें नांव काय? गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमीचा मुलगा! त्याच्या मुलाचें नांव वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजांनीं आपल्या नाण्यांवर आणि लेण्यांतल्या शिळांवर आईचें नांव आधीं कोरलें. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री ह्या राजमातेचा लेख आजही आहे. तींत ती आपल्या लेकाचे पराक्रम सांगते. ह्यावरून त्या काळीं बायकांचें राज्य होतें असें कोणी समजूं नये. गादी बापाकडून मुलाकडेच जाई. पण आईचें नांव लावल्यानें राजाचा मान कमी झाला नाहीं, एवढें तर दगडावर लिहिलेलें आहे. मग आमच्या गणपत, विठ्ठलाचा मान कसा कमी होईल?

आपल्याच जिल्ह्यांत गंगाखेड आहे. तेथली जनाबाई. आईबापांवेगळी पोर, दुसऱ्याच्या घरीं दळणकांडण करणारी. तिला आडनांव नाहीं, नवऱ्याचें नांव नाहीं. अभंगाच्या शेवटीं ती आपल्याला नामदेवाची दासी म्हणवते. तरी सातशें वर्षें झालीं, जात्यावर बसणाऱ्या बायांच्या ओठीं तिचें नांव आहे. तिच्या काळचे किती जहागीरदार तुम्हांला आठवतात?

आणि त्याच महाराष्ट्रांत लेकीचें नांव ‘नकोशी’ ठेवतात! एकीवर दुसरी मुलगी झाली, दुसरीवर तिसरी झाली, कीं तिला म्हणावयाचें नकुसा. म्हणजे आतां नको. ती पोर शाळेंत जाते, हजेरींत रोज गुरुजी पुकारतात, ‘नकुसा!’ आणि ती रोज म्हणते, ‘हजर!’ रोज सकाळीं आपण नको असल्याची साक्ष तिनें आपल्याच तोंडानें द्यावी, ह्याहून क्रूर शिक्षा कोणती? सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अशा २८५ मुलींचीं नांवें एका समारंभांत बदललीं. त्या मुलींनीं आपलीं नवीं नांवें स्वतः निवडलीं. मनूनें शूद्राला तुच्छ नांव सांगितलें म्हणून आपण चिडतों. मग आपल्या पोटच्या पोरीला आपण तेंच देतों, तेव्हां आपण कोण झालों?

लग्नांत काय होतें? ताटांत तांदूळ पसरतात, अंगठीनें त्यांत नवरीचें नवें नांव लिहितात. वीस वर्षें ज्या नांवानें आईनें हांक मारली तें एका घटकेंत पुसून जातें. कायद्यानें हें मुळींच सक्तीचें नाहीं. बाईनें लग्नानंतर नांव किंवा आडनांव बदललेंच पाहिजे असा कोणताही कायदा ह्या देशांत नाहीं. ती रीत आहे. आणि रीत माणसांनीं घातली, ती माणसांना मोडतां येते. हौस म्हणून सासरीं लाडाचें नांव ठेवा, आमची ना नाहीं. पण कागदावरचें नांव बदलूं नका. बदललें तर सर्व कागदांवर बदला. नाहीं तर साठ वर्षांनीं खिडकीआंतला माणूस तिला विचारील, ‘तीनांतली तुम्ही कोणती?’

सरकारनें आतां एक पाऊल टाकलें आहे. ११ मार्च २०२४ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव सरकारी कागदांत असें लिहावयाचें: आधीं मुलाचें नांव, मग आईचें, मग बापाचें, मग आडनांव. हें ऐकून कांहीं पुरुष कुरकुरले. त्यांना आम्ही विचारतों, नऊ महिने ओझें कोणी वाहिलें? रात्रीं कोण जागलें? तुमचें नांव पुसलें नाहीं; तुमच्या शेजारीं तिला जागा दिली. बांधावर दोघांनीं मिळून काम केलें, तर नांवांत दोघांनीं बसावयास काय हरकत?

आणि बापाचें नांव म्हणजे केवळ रक्त नव्हे, हेंही जोतीरावांनीं दाखविलें. पुण्यांत १८६३ सालीं त्यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तेथें एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. ज्याचें तें मूल त्यानें नांव दिलें नाहीं. जोतीरावांनीं आणि सावित्रीबाईंनीं त्या मुलाला आपला केला. तो यशवंत जोतीराव फुले झाला, डॉक्टर झाला. आणि १८८७ च्या मृत्युपत्रांत जोतीरावांनीं त्याला आपला वारस केलें. मुलाला जात विचारली नाहीं, कूळ विचारलें नाहीं. त्याला बापाचें नांव पाहिजे होतें, तें दिलें. भटांच्या जुलमावर जन्मभर कोरडे ओढणाऱ्या माणसानें ब्राह्मणीच्या लेंकराला आपलें नांव दिलें, हें विसरूं नका. आपला दावा माणसाशीं नाहीं, उंचनीच सांगणाऱ्या शिकवणुकीशीं आहे.

आतां बारशाविषयीं दोन शब्द. मूल जन्मलें कीं पंचांगवाला नक्षत्र पाहून अक्षर काढून देतो. अक्षर ‘चू’ आलें तर ‘चू’वरून नांव शोधीत घरदार हैराण. वास्तविक बाराव्या दिवशीं पाळण्यापाशीं नांव कोण ठेवतें? आत्या. कानांत ‘कुर्रर्र’ कोण करतें? आत्या. पाठींत धपके कोणाला बसतात? तिलाच. घुगऱ्या वाटल्या कीं नांव झालें. ह्यांत भटजीचें काम कोठें आहे? आपल्या रीतींत नांव ठेवण्याचा मान लेकीचा आहे, माहेरीं आलेल्या बहिणीचा आहे. तो मान आपण दक्षिणा देऊन दुसऱ्याच्या हातीं कां द्यावा? घरांतल्या माणसांनीं मिळून अर्थाचें, उच्चाराला सोपें, लिहावयास सोपें नांव ठरवावें आणि आत्यानें तें ठेवावें. गोपाळ हा सयाजी झाला आणि बडोदें चालविलें. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ सालीं दत्तक जाऊन शाहू झाला आणि कोल्हापूर चालविलें. त्यांच्या बदललेल्या नांवांनीं ग्रह रागावले नाहींत.

शेवटीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों, त्या घरीं जाऊन करा. मूल जन्मलें कीं २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत जन्माची नोंद करा. दवाखान्यांत जन्मलें असेल तर दवाखान्याकडून नोंद गेली कीं नाहीं तें विचारा. नांव ठरलें नसेल तर नांवावांचूनही नोंद होते. पण मग नांव घालण्यास विसरूं नका. शाळेंत घालतांना जन्माच्या दाखल्यावर जें नांव असेल तेंच, काना-मात्रा न बदलतां, लिहून द्या. कारण शाळेचा दाखला पुढें सगळ्या कागदांचा बाप होतो. घरांत जितके कागद आहेत ते एके दिवशीं सगळे चटईवर मांडा: सातबारा, शिधापत्रिका, आधार, बँकेचें पुस्तक. शिकत्या पोराला बसवा आणि प्रत्येकाचें नांव ताडून पाहा. बायकांचीं नांवें आधीं पाहा; चुका तेथेंच जास्त निघतात. चूक असेल तर आज दुरुस्त करा. संकटाच्या दिवशीं ती दुरुस्त होत नाहीं. नांवच बदलावयाचें असेल तर सरकारी राजपत्रांत तशी जाहिरात देण्याची सोय आहे. पोरगी नकुसा असेल तर हें काम पुढच्या आठवड्यावर टाकूं नका. आणि वडिलांकडून, आज्याकडून पिढ्यांचीं नांवें विचारून वहींत लिहून ठेवा. लिहितांना आज्याबरोबर आजीचें नांव लिहा, पणज्याबरोबर पणजीचें लिहा. पुष्कळांना पणज्याचें नांव आठवेल आणि पणजीचें आठवणार नाहीं. तेव्हां मनांत थोडें चरकेल. चरकूं द्या.

सातबाऱ्याचें एक सांगावयाचें राहिलें. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करावा अशी ती हांक होती. पुष्कळ गांवांनीं ती ऐकली. नुसतें लेंकराच्या नांवांत आईचें नांव घालून काम संपत नाहीं. ज्या जमिनींत ती राबते त्या जमिनीच्या कागदांत तें नांव आलें पाहिजे. नांवाला खरें वजन तेथें येतें.

बंधूंनो, मायबहिणींनो, आम्ही फार बोललों. आतां एकच विनंति. सभा उठेल, तुम्ही वाटेला लागाल, तेव्हां रोज ज्या म्हाताऱ्याला एकेरी हांक मारतां, त्याला आज त्याच्या पूर्ण नांवानें, मागें ‘राव’ लावून हांक मारा. आणि घरीं गेल्यावर आपल्या आईला विचारा: ‘माय, लग्नाच्या आधीं तुझें नांव काय होतें?’ ती हंसेल, पदर तोंडाला लावील, म्हणेल, ‘आतां कशाला पाहिजे रे तें?’ तरी विचारा. आणि तिनें सांगितलें म्हणजे तें नांव वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सत्याचा जय असो.